चवदार तळ्याचा ठराव आणि बाबासाहेब

नगरपालिकेच्या सभांमध्ये वर्षभरात कितीतरी ठराव संमत होतात. गटारांची दुरुस्ती, दिवाबत्ती, बाजारातील ओट्यांची भाडी, साफसफाई असे विषय येतात, हात वर होतात, नोंद होते आणि बहुतेक ठराव इतिवृत्ताच्या वहीत कायमचे विसावतात. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी असाच एक ठराव केला. गावातील चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही, एवढाच त्याचा आशय होता. त्यानंतर तीन वर्षे या ठरावाने कुणाचीही तहान भागवली नाही. तो वहीतून बाहेर काढून तळ्याच्या काठापर्यंत नेला डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी.

बाबासाहेबांचे चरित्र महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र घटनाकार आणि धर्मांतराचे नेते या दोन भव्य प्रतिमांच्या मागे, एका लहान गावाच्या नगरपालिकेशी त्यांचा जो प्रदीर्घ संबंध आला, तो काहीसा झाकोळला गेला आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्तीनंतर आधी दापोलीत आणि मग साताऱ्यात राहिले. पाण्याचा प्रश्न या मुलाला शाळेतच भेटला. नळाला त्याने हात लावायचा नव्हता. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावी खजिनदार होते. दुष्काळात उपासमार होणाऱ्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. त्यांना घ्यायला कुणी आले नव्हते. जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक बैलगाडी मिळाली, पण पाणी कुठेच मिळाले नाही. शिदोरी बरोबर असूनही पाण्यावाचून ती खाता येईना. रात्र तशीच गेली. वडील जेथे तलाव खोदणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब सांभाळत होते, तेथे मुले तहानलेली पोहोचली.

पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे आणि नंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांच्या एका प्रबंधाचा विषय होता. सार्वजनिक पैसा कुठून येतो, कुणाच्या हाती जातो आणि कुणासाठी खर्च होतो, हे त्यांनी कागदोपत्री तपासले होते. हा तपशील महाडच्या संदर्भात दुर्लक्षण्याजोगा नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयीवर कुणा एका समाजाची मक्तेदारी असू शकत नाही, हे महाडच्या लढ्याचे मूळ सूत्र होते.

बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये मुंबईत परतले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने स्वीकारला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबरमध्ये सरकारने त्याच्या अंमलबजावणीचे आदेश काढले. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्या काळातील महाड नगरपालिकेचे सुधारकी अध्यक्ष. महाडने ठराव केला, हे त्या नगरपालिकेला भूषणावहच होते. इतर ठिकाणचा अनुभव पाहता, आदेश न पाळणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, असा आणखी एक ठराव बोले यांना १९२६ मध्ये आणावा लागला. महाडलाही ठराव झाला, पण तळ्यावर कुणी गेले नाही. स्थानिक सवर्णांचा विरोध उघड होता आणि ठरावामागे उभे राहण्याची इच्छाशक्ती नगरपालिकेकडे नव्हती.

वास्तविक ही केवळ मानापमानाची बाब नव्हती. तालुक्याच्या गावोगावचे महार वतनी कामासाठी महाडला येत. गावकामगारांची टपाले पोहोचवणे, गोळा झालेला सारा भरणे ही त्यांची कामे होती. बाजारहाटही तेथेच. बाहेरून येणाऱ्याला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. अस्पृश्य वस्तीत एक विहीर होती, पण ती गावाच्या मध्यापासून दूर होती आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्याने गाळाने भरली होती. तळे नाकारलेले आणि विहीर उपसलेली नाही, अशी ही कोंडी होती. पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे नित्याचे काम. ते एका वस्तीपुरते होत नव्हते, एवढ्या साध्या गोष्टीत महाडच्या प्रश्नाचा गाभा होता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, टिपणीस आदींनी तिच्यासाठी परिश्रम घेतले होते. बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते. महिन्याभरापूर्वीच त्यांनी मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली होती. नगरपालिकेच्या वहीत तळे खुले होते, तरी परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. तीन वर्षांत ठरावाची काय किंमत उरली होती, याचा याहून नेमका हिशेब सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्रे यांनी सूचना केली की, सर्वांनी तळ्यावर जाऊन ठरावाची अंमलबजावणी करावी. हजारो लोक रांगेने, शांतपणे महाडच्या रस्त्यांवरून चालत निघाले. तळ्याशी पोहोचल्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून इतरांनी. कुणीही कायदा मोडला नव्हता. उलट कायद्याने जे दिले होते, तेच प्रथम वापरले गेले होते.

थोड्याच वेळात अस्पृश्य मंडळी वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि जमावाने मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या चालवल्या. अनेक जण जखमी झाले. बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. प्रतिकारासाठी सज्ज झालेल्या आपल्या माणसांना त्यांनी आवरले आणि दाद कायद्याकडे मागितली. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाण्याची शुद्धी करण्यात आली.

यानंतर नगरपालिकेने माघार घेतली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव संमत झाला त्या तारखेला बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग असला तरी बोचणारा आहे. ज्या सभागृहाने दार उघडले, त्यानेच ते लावून घेतले. बहुमताने दिलेला हक्क बहुमताने परत घेता येतो, हा धडा बाबासाहेबांना विधिमंडळातील पहिल्याच वर्षी मिळाला.

त्यांनी डिसेंबरमध्ये पुन्हा महाड गाठायचे ठरवले. विरोधकांनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब आणि सहकारी मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तेथून पाच मैल चालत महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी हजारो स्वयंसेवकांनी नावे दिली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन हुकूम न मोडण्याचे आवाहन केले. लोक तळ्यावर जाण्यास अधीर होते. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करवला. त्या रात्री त्यांच्यावर टीका करणारे त्यांच्याच मंडपात होते. परंतु त्यांचा हिशेब वेगळा होता. लढत सनातन्यांशी होती, ती सरकारशीही ओढवून घ्यावी असे त्यांना वाटत नव्हते. शिवाय न्यायालयात आपली बाजू भक्कम आहे, हे वकील म्हणून ते जाणून होते.

हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. तो आज फारसा सांगितला जात नाही. कोर्टाच्या तारखांना मिरवणुकीची झळाळी नसते. वादींचे म्हणणे दुहेरी होते. तळे सार्वजनिक नसून भोवतालच्या मालकांचे आहे, हे एक. आणि अस्पृश्यांनी ते कधीच वापरलेले नाही, अशी अनादी रूढी आहे, हे दुसरे. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दाव्याचा निकाल मात्र ८ जून १९३१ रोजी लागला. तळे खासगी नाही, ते नगरपालिकेचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. अस्पृश्य ते पाणी वापरत नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले; पण एकाने वापरले नाही म्हणून दुसऱ्याला त्याला रोखण्याचा अधिकार मिळत नाही, असा निर्वाळा दिला. जानेवारी १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनीही तोच निर्णय कायम केला. ज्याचा उगम ठाऊक नाही अशा नैसर्गिक तळ्याच्या बाबतीत, देवळाप्रमाणे ते एखाद्या वर्गासाठीच अर्पण केले गेले असावे असे गृहीत धरता येत नाही आणि रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे मत पडले. तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.

या निकालाची गंमत अशी की, नगरपालिकेने ठराव मागे घेतला होता, तरी तळे नगरपालिकेचे असणे हेच अस्पृश्यांच्या कामी आले. ठराव बदलता येतो, मालकी बदलता येत नाही. सार्वजनिक मालमत्तेवरील हक्कासाठी कुणाच्या परवानगीची गरजच नव्हती.

याच काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले, पुणे करार झाला, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीची त्यांची सावधगिरी मात्र टिकून राहिली. १९३२ मध्ये ग्रामपंचायतींचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा त्यांनी त्यास कडाडून विरोध केला. गावाच्या बहुमताच्या हाती सत्ता आणि न्यायदान सोपवताना अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी हवी, हा त्यांचा आग्रह होता. घटना समितीतही १९४८ मध्ये त्यांनी खेड्यांविषयी कठोर शब्द काढले आणि ग्रामस्वराज्यवाद्यांचा रोष पत्करला. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींच्या संघटनेविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. ती आज घटनेत ४० वे कलम म्हणून आहे. या दोन भूमिकांत विसंगती शोधणाऱ्यांनी महाडच्या १९२४ आणि १९२७ च्या ठरावांकडे पाहावे.

घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखल्या जाणाऱ्या अशा ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात तळे आणि स्नानघाट असे घरगुती शब्द का यावेत, असा प्रश्न परक्या वाचकाला पडेल. बोले यांचा ठराव आणि चवदार तळे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो पडणार नाही. आता हा हक्क कोणत्याही नगरपालिकेच्या मतदानावर अवलंबून राहिला नव्हता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा घटना अमलात येऊन सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षांनी, १९ मार्च १९४० रोजी, महाडला सत्याग्रहाचा स्मृतिदिन साजरा झाला. त्यासाठी बाबासाहेब आले होते. सभेला सुमारे दहा हजारांचा समुदाय लोटला होता. त्याच दिवशी महाड नगरपालिकेने त्यांना मानपत्र अर्पण केले.