टीव्हीवर बसून टीमला नावं ठेवायचा, ब्राझीलने त्यालाच नॅशनल टीमचा कोच केलं..

मॅच संपली की टीव्हीवर चार जण गोल टेबलाभोवती बसतात आणि कोचचं कुठं चुकलं ते सांगायला लागतात. घरी बसलेला माणूस म्हणतो, बोलायला काय जातंय, एकदा स्वतः टीम सांभाळून दाखवा की.

ब्राझीलमध्ये एकदा खरंच असं झालं. त्या माणसाचं नाव होतं जोआव साल्दान्या.

साल्दान्याचा जन्म 3 जुलै 1917 चा, दक्षिण ब्राझीलमधल्या आलेग्रेते गावचा. पुढे तो रिओमध्ये आला आणि कायमचा दोन गोष्टींचा झाला. एक बोटाफोगो क्लब आणि दुसरी कम्युनिस्ट पार्टी, जिच्यावर ब्राझीलमध्ये बंदी होती.

1957 साली बोटाफोगोने त्याला कोच केलं. कोचिंगचा अनुभव शून्य. पण टीममध्ये गरिंचा, डिडी, निल्टन सँटोस असे एकापेक्षा एक खेळाडू होते. त्याच वर्षी बोटाफोगोने फायनलमध्ये फ्लुमिनेन्सला 6-2 ने हरवून रिओची चॅम्पियनशिप मारली. दोनेक वर्षांनी साल्दान्याने कोचिंग सोडलं आणि पत्रकारितेत उतरला.

1960 च्या दशकात रिओच्या टीव्हीवर दर रविवारी रात्री एक कार्यक्रम लागायचा, ग्रांजी रेझेन्या फॅसिट. यातली फॅसिट म्हणजे स्पॉन्सर. आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात ज्या फॅसिट टाइपरायटरची खडखड चालायची, तीच ही कंपनी. टीव्हीवर टेबलाभोवती बसून फुटबॉलवर भांडायची ब्राझीलमधली पद्धत इथूनच रूढ झाली असं मानतात.

इथं कुणी तटस्थ असल्याचा आव आणत नव्हतं. मोठा नाटककार नेल्सन रॉड्रिग्ज उघडउघड फ्लुमिनेन्सची बाजू घ्यायचा, तर साल्दान्या बोटाफोगोची. साल्दान्याचं बोलणं सरळ आणि रोखठोक, अगदी नाक्यावरच्या माणसाला कळेल असं. त्यामुळे तो घराघरात पोहोचला.

इकडे नॅशनल टीमची अवस्था वाईट होती. 1966 च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता आणि पत्रकार टीमला झोडपत होते. तेव्हा फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या जोआव हावेलांजने फेब्रुवारी 1969 मध्ये साल्दान्यालाच कोच केलं. टीकाकारच खुर्चीत बसवला की बाकीचे पत्रकार गप्प बसतील, असा त्यामागचा हिशोब सांगितला जातो.

साल्दान्याने आल्या आल्या टीम जाहीर करून टाकली. पेले आणि टोस्टाव एकत्र खेळणार, सोबत जेर्सन, जैरझिन्यो आणि कार्लोस आल्बर्टो. ऑगस्टमध्ये वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत ब्राझीलने सहाच्या सहा मॅच जिंकल्या. 23 गोल मारले, फक्त 2 खाल्ले. पॅराग्वेविरुद्धची शेवटची मॅच बघायला माराकानावर 1,83,341 लोक तिकीट काढून आले होते.

मग बिघडलं कुठं?

1964 पासून देशात लष्करी राजवट होती. ऑक्टोबर 1969 मध्ये जनरल मेदिसी राष्ट्राध्यक्ष झाला. गडी फुटबॉलवेडा. स्ट्रायकर दारिओला टीममध्ये घ्यावं अशी त्याची इच्छा असल्याची चर्चा सुरू झाली. त्यावर साल्दान्याने जाहीर सुनावलं की मंत्री निवडताना राष्ट्राध्यक्ष माझं मत घेत नाहीत, मग टीम निवडताना मी त्यांचं का घेऊ. बंदी असलेल्या पक्षाच्या माणसाने हुकूमशहाला असं सुनावणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

पण सगळा दोष मेदिसीवर टाकूनही चालत नाही. मार्च 1970 मध्ये ब्राझील अर्जेंटिनाकडून घरच्या मैदानावर हरला. साल्दान्याने पेलेच्या नजरेबद्दल शंका काढली आणि त्याला बाहेर बसवायची भाषा सुरू केली. फ्लेमेंगोचा कोच युस्ट्रिच त्याच्यावर टीका करत होता, तर हा त्याला जाब विचारायला पिस्तूल घेऊन गेला. युस्ट्रिच तिथं सापडला नाही म्हणून निभावलं. ज्याचं नाव टीका करून झालं, त्याला स्वतःवरची टीका मात्र सोसली नाही.

17 मार्च 1970 ला त्याला काढलं. वर्ल्डकप अडीच महिन्यांवर होता. नवा कोच झगालोने टीममध्ये काही बदल केले, पण कणा साल्दान्याने उभा केलेलाच राहिला. मेक्सिकोत ब्राझीलने इटलीला 4-1 ने हरवून कप उचलला. दारिओलाही टीममध्ये घेतलं होतं, पण तो एक मिनिटही खेळला नाही.

साल्दान्या पुन्हा आपल्या जुन्या जागी, माइकसमोर जाऊन बसला आणि पुढची वीस वर्षं बोलत राहिला. 1990 मध्ये तब्येत पार खालावलेली असतानाही तो टीव्हीसाठी इटलीच्या वर्ल्डकपला गेला. 8 जुलैला फायनल झाली आणि 12 जुलैला रोममध्येच त्याचं निधन झालं.

आज 1970 ची ब्राझील ही फुटबॉलमधली सगळ्यात भारी टीम मानली जाते. कप जिंकणारा कोच म्हणून नाव झगालोचं लागतं, आणि ते बरोबरच आहे. पण पेले आणि टोस्टावला एकत्र उतरवून ती टीम बांधायला सुरुवात केली होती रविवारी रात्री टीव्हीवर भांडणाऱ्या एका पत्रकाराने.