चिनी महालातला तानाशहा

कपबशी उपडी करून तळाचा शिक्का वाचायची सवय बऱ्याच घरांत असते, तशी ती मलाही आहे. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या 'बोन चायना'चे नाव चीनचे, पण ही भांडी जन्मली इंग्लंडात. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडने पांढऱ्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळून त्यांची कृती पक्की केली. आज ती आपल्या जयपुरातही बनतात. नाव मात्र चीनचेच राहिले.

आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळही असेच फसवे नाव असलेली एक वास्तू आहे. दौलताबादच्या किल्ल्यात चाँद मिनार मागे टाकून वर चढू लागले की चिनी महाल लागतो. त्याच्या भिंतींवर एके काळी झिलईदार रंगीत फरशा होत्या. त्यांच्या थोड्या खुणा अजून दिसतात. अशा कामाला त्या काळी 'चिनी' म्हणत, माल चीनचा नसला तरी. आणि महाल म्हणावा, तर तो झाला तुरुंग! इथला कैदी होता गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, म्हणजेच तानाशहा.

राजघराण्याशी नाते असूनही त्याचे तारुण्य हैदराबादेत शाह राजू या सूफी संताच्या सहवासात गेले. सुलतानाचा जावई झाला आणि १६७२ मध्ये अनपेक्षितपणे गादीवर बसला. मादण्णा आणि आकण्णा या ब्राह्मण बंधूंच्या हाती त्याने कारभार विश्वासाने सोपवला. १६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला आले, तेव्हा त्यांचा सन्मानाने सत्कार केला आणि दक्षिणेच्या मोहिमेला मदतही दिली. हीच धोरणे औरंगजेबाच्या डोळ्यांत सलली. १६८६ मध्ये मादण्णा-आकण्णांची हत्या झाली. पुढच्या वर्षी गोवळकोंड्याला वेढा पडला. आठ महिने किल्ला झुंजला. शेवटी फितुराने दरवाजा उघडला. शत्रूचे सरदार महालात शिरले तरी अबुल हसनने शांतपणे जेवण उरकले आणि मगच तो त्यांच्याबरोबर निघाला, असे खाफीखान सांगतो. त्यानंतर मरेपर्यंत, सुमारे एक तप, तो दौलताबादेत कैदेत होता. खुलताबादला त्याची कबर आहे. ज्याने त्याचे राज्य घेतले, तो औरंगजेबही त्याच गावात विसावला आहे.

हिंदीतला 'तानाशाही' हा शब्द याच्याच नावावरून आला, असे सांगतात. मला याचेच वाईट वाटते. परधर्मीयांवर राज्य सोपवणारा, संतांच्या पायाशी वाढलेला हा माणूस, आणि त्याच्या नावाचा अर्थ झाला जुलूम! राज्य गेले ते गेलेच, नावही त्याचे राहिले नाही.

मुलांना घेऊन दौलताबादला जाल तेव्हा चाँद मिनारपाशी फोटो काढून परत फिरू नका. चिनी महालापर्यंत चढा आणि त्यांना या राजाची गोष्ट सांगा. शिक्का एक आणि माल दुसरा, हे कपबशीच्या बाबतीत आपण चटकन ओळखतो. माणसाच्या बाबतीतही तेवढी तसदी घ्यायला काय हरकत आहे?