तालीमखान्याचे फूल आणि फादर सांतापाऊ

मखाना आणि तालीमखाना ही नावे कानाला जवळची, पण वनस्पती अगदी वेगळ्या. मखाना हे तळ्यात तरंगणाऱ्या, कमळासारख्या वनस्पतीचे बी. तालीमखाना भातखाचराच्या कडेला, ओलसर जागी वाढतो; आयुर्वेदातला कोकिलाक्ष तो हाच. नावावर विसंबून औषध घेतले तर भलतेच बी पोटात जाते. खरी ओळख फुलाफळांच्या रचनेत असते. हेच काम मुंबईत निष्ठेने केले ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी.

५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील ला गालेरा गावी त्यांचा जन्म झाला. जेझुइट संघात दाखल झालेले सांतापाऊ १९२८ मध्ये भारतात आले. लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, त्यांनी वाढवला. वाळलेल्या नमुन्यात फुलाचा रंग आणि आकार टिकत नाही, म्हणून ते स्वतः रानात जात. खंडाळ्याला तर ते वर्षानुवर्षे जात राहिले. बोरिवलीच्या कृष्णगिरी उद्यानातील, म्हणजे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील, वनस्पतींवरील त्यांचा लेख १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५१ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील अडुळसा कुळावर ग्रंथ लिहिला. अडुळसा, कारवी, खाडीकाठची मारांडी आणि तालीमखाना ही सारी याच कुळातली. तालीमखान्याच्या पेरापेरावर जांभळट फुलांचे झुबके आणि त्यांभोवती लांब पिवळे काटे असतात. फुलाला दोन ओठ असतात. खालच्या ओठावर मधमाशी टेकते. पुंकेसर चार, दोन लांब आणि दोन आखूड. फळ म्हणजे लहान, लांबट बोंड. आत प्रत्येक बी एका आकड्यावर बसलेले असते. बोंड तडकले की बिया दूर फेकल्या जातात. बी भिजले की त्यावरचे केस फुगून बुळबुळीत होतात आणि बी चिखलाला चिकटते. औषधात हेच बुळबुळीत बी वापरतात.

पुढे सांतापाऊंनी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे नेतृत्व केले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सन्मानार्थ मदुराईकडील एका वनस्पतीच्या प्रजातीला ‘सांतापाऊआ’ नाव दिले होते. नंतरच्या अभ्यासकांनी ती तालीमखान्याच्याच प्रजातीत, हायग्रोफिलात, समाविष्ट केली. थोर माणसाचे नाव आहे म्हणून शास्त्र थांबत नाही.

ब्लॅटर हर्बेरियममध्ये आजही संशोधक औषधी वनस्पतींची ओळख पटवून घेतात. काष्ठौषधी विकत घेणाऱ्यानेही पुडीवरच्या नावावर न जाता जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी.