इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : म्यिंजान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या. भारतातील लोकसमूह कोठून आले, ते एकमेकांशेजारी कसे वसले आणि त्यांच्या भाषा, नाती व जाती यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे प्रश्न त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होते. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ‘युगान्त’ या ग्रंथासाठी त्यांना १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचे माहेरचे आडनाव करमरकर. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे ब्रह्मदेशातील एका कापूस कंपनीत नोकरीस होते. तेथील प्रमुख नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत पाठवण्यात आले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे या त्यांच्या मैत्रीण होत्या. पुढे परांजपे कुटुंबानेच इरावतीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतले. त्या घरातील बुद्धिनिष्ठ वातावरणाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

१९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचे अध्ययन केले. १९२८ साली त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली. त्यासाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध चित्पावन ब्राह्मणांविषयी होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र आणि फर्ग्युसन महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बर्लिनमधील संशोधन

उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जाण्याचा इरावतीबाईंचा निर्णय महर्षी कर्वे यांना मान्य नव्हता. पती दिनकर कर्वे मात्र त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. ही संस्था १९२७ मध्ये स्थापन झाली होती. पुढे नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला शास्त्रीय आधार पुरवण्याच्या कामात तिचा वाटा राहिला.

मानवी कवटीच्या दोन्ही बाजू पूर्णपणे सारख्या नसतात. या असमानतेचा वंशाशी संबंध असून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व त्यातून दिसून येते, अशी फिशर यांची धारणा होती. ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे सोपवण्यात आले. संग्रहातील विविध वंशांच्या कवट्यांची मोजमापे घेतल्यावर अशा संबंधाला कोणताही आधार मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तोच प्रबंधात मांडला. परदेशात, कर्जाच्या पैशांवर शिकणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडणे धोक्याचे होते. तरीही प्रबंध स्वीकारला गेला आणि १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

अध्यापन आणि क्षेत्रकार्य

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. निवृत्तीपर्यंत त्या तेथील समाजशास्त्र व मानवशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग सुरू करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. १९४७ साली दिल्ली येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

ग्रंथालयातील अभ्यासाइतकाच प्रत्यक्ष भटकंतीवर त्यांचा भर होता. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्यासमवेत त्यांनी उत्खननात भाग घेतला. सूक्ष्म दगडी हत्यारे वापरणाऱ्या प्राचीन लोकांचे सांगाडे तेथे मिळाले. पश्चिम खानदेशातील भिल्लांवरील त्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

भाषा आणि नातेसंबंध

‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हा इरावतीबाईंचा सर्वांत महत्त्वाचा शास्त्रीय ग्रंथ मानला जातो. वेद व महाभारत यांतील नातेवाचक शब्द, विविध भाषांतील आजचे शब्द आणि प्रत्यक्ष पाहिलेले विवाहाचे नियम अशा तिन्ही साधनांचा उपयोग त्यांनी त्यात केला. भारताची उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व अशा चार विभागांत मांडणी करताना त्यांनी भाषाकुळांचा आधार घेतला.

उत्तर विभागात जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध असते आणि मुलगी बहुधा दूरच्या गावी दिली जाते. दक्षिणेतील द्रविड भाषिक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी ही योग्य वधू समजली जाते. अनेक जातींत मामा-भाचीचा विवाहही होतो. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. येथील भाषा उत्तरेच्या कुळातील आहे. मात्र अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा असून ती दक्षिणेशी जुळते. त्यामुळे महाराष्ट्र हा दोन समाजव्यवस्थांच्या भेटीचा प्रदेश आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

पूर्व विभाग सलग भूभागाचा नाही. संथाळ, मुंडा, हो आणि खासी अशा ऑस्ट्रोआशियाई भाषा बोलणाऱ्या आदिवासींचा त्यात समावेश आहे. या कुळातील भाषा भारताबाहेर आग्नेय आशियात दूरवर पसरल्या आहेत. कंबोडियातील ख्मेर, व्हिएतनामी आणि दक्षिण ब्रह्मदेशातील मोन या भाषा त्याच कुळातील आहेत. महाराष्ट्रात मेळघाटातील कोरकू लोकांची भाषा याच कुळाच्या मुंडा शाखेत मोडते. या समाजांचे नातेनियम सर्वत्र एकसारखे नाहीत. मुंडा व संथाळ पितृवंशीय आहेत, तर खासींमध्ये वंश आईकडून चालतो. आर्य आणि द्रविड या दोनच चौकटींत भारतीय समाजाचा विचार करण्याची पद्धत रूढ असताना इरावतीबाईंनी या तिसऱ्या परंपरेला स्वतंत्र स्थान दिले.

जातीविषयीची भूमिका

मूळ एका समाजाचे तुकडे होऊन जाती निर्माण झाल्या, हे मत इरावतीबाईंना पटले नाही. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आणि निरनिराळ्या काळी वसलेले समूह आपापले रोटी-बेटी व्यवहार कायम ठेवून एकत्र राहू लागले आणि त्यांतून जातिसमाज घडला, अशी मांडणी त्यांनी ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात केली. आपले गुरू घुर्ये यांच्यापेक्षा त्यांची ही भूमिका वेगळी होती. महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण त्या देत. व्यवसाय आणि नाव एकच असूनही कुंभारांमध्ये आपापसांत विवाह न करणारे अनेक गट आहेत. त्यांची शरीरवैशिष्ट्ये आणि चाकावर काम करण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांच्या शरीरमापनाचा त्यांनी कै. चं. मल्होत्रा यांच्यासमवेत केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला.

लोकसमूहांची ओळख रक्तावरून ठरत नसून सामायिक व्यवहारांतून घडते, हा विचार त्यांच्या ललित लेखनातही दिसतो. पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात, ज्या भूमीतील लोक पंढरपूरला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी ओळख त्यांनी मांडली. मराठी भाषिक त्या काळी एका राज्यात नव्हते. परभणीसह मराठवाड्यातील जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे राजकीय सीमांऐवजी पायवाटेने जोडलेला हा महाराष्ट्र वाचकांना विशेष भावला. मात्र त्याच वारीत जातींनुसार वेगळ्या चालणाऱ्या व वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्या पाहून वाटलेली खंतही त्यांनी लपवली नाही.

विस्थापितांचा प्रश्न

‘युगान्त’ (१९६७) मध्ये खांडववनाच्या दहनाकडे त्यांनी वेगळ्या दृष्टीने पाहिले. नव्या वसाहतीसाठी वन जाळताना तेथे राहणाऱ्या नागांना आणि प्राण्यांना निवारा उरला नाही, या क्रौर्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत कोयना धरणामुळे उठलेल्या कुटुंबांची पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ साली प्रकाशित झाला. विकासासाठी गाव सोडाव्या लागलेल्या लोकांची नाती, शेती आणि उपजीविका यांचे पुढे काय होते, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या भारतातील सुरुवातीच्या अभ्यासांत त्याचा समावेश होतो.

मूल्यमापन

शरीराच्या मोजमापांवरून समूहांचे संबंध ठरवण्याच्या पद्धतीला पुढील काळात मर्यादा दिसून आल्या आणि तिची जागा जनुकीय संशोधनाने घेतली. संस्कृत ग्रंथांवर त्यांनी दिलेला भर आणि हिंदू समाजाकडे पाहण्याचा त्यांचा दृष्टिकोन यांवरही समाजशास्त्रज्ञांनी टीका केली आहे. तरीही प्रदेश, भाषा आणि नाती यांचा एकत्रित विचार करणारी त्यांची मांडणी अभ्यासकांना आजही विचारात घ्यावी लागते.

‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि मृत्यूनंतर प्रकाशित झालेले ‘गंगाजल’ या संग्रहांमुळे मराठी ललित निबंधाच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झाले आहे. ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा आणखी एक उल्लेखनीय ग्रंथ होय. त्यांच्या कन्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका म्हणून, तर पुत्र आनंद कर्वे हे कृषिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले.