जॉर्ज सायमन ओहम

शालान्त परीक्षेच्या विज्ञानात ज्याचा नियम हमखास विचारला जातो तो ओहम स्वतः एक शाळामास्तरच होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही.

त्याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या गृहस्थाने स्वतः गणित शिकून ते मुलांना शिकविले. महाविद्यालयात मात्र चिरंजीव नाच आणि बिलियर्डमध्ये रमले. संतापून वडिलांनी त्यास शिक्षण सोडावयास लावले व तो स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करू लागला. पुढे १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली.

१८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत होता. तेथील प्रयोगशाळेत त्याने तारांमधून वाहणाऱ्या विजेचा अभ्यास आरंभिला. साधा विद्युत घट वापरताना प्रवाह सारखा कमीजास्त होई. त्यामुळे १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र चक्क चुकले! पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने घट सोडून तांबे व बिस्मथ यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. म्हणजे दाब स्थिर. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या, सारख्या जाडीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून चुंबकसूचीचे विचलन मोजले. तार लांबवावी तसा रोध वाढतो व प्रवाह घटतो. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो, एवढाच तो नियम.

१८४१ मध्ये जूलने उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे दाखविले आणि हिशेब पूर्ण झाला. २३० व्होल्टवरील १००० वॅटची शेगडी घ्या. प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर, रोध सुमारे ५३ ओहम. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर आला, तर वॅट ७८० राहतील असे मुले सांगतात. उत्तर येते सुमारे ६१०, कारण दाबाचाही वर्ग होतो. भात शिजावयास उशीर का लागतो ते येथे कळते.

१८२७ साली बर्लिनमध्ये ओहमचा ग्रंथ निघाला. त्याचे स्वागत थंडपणे झाले. हवे ते प्राध्यापकपद न मिळाल्याने त्याने कोलोनची नोकरी सोडली व काही वर्षे बर्लिनमध्ये थोड्याशा तासांवर गुजराण केली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले, तेव्हा कोठे स्वदेशीयांचे डोळे उघडले. म्यूनिकचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी तो तेथेच वारला. रोधाच्या एककास त्याचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत देण्यात आले.