तोंड बांधणारा न्यायाधीश

न्यायाधीश पक्षपाती आहे हे सिद्ध कसे करायचे? निकालपत्रात तर तो तसे कधीच लिहीत नाही. आम्ही रोज कोर्टात उभे राहतो म्हणून सांगतो, पक्षपात भुवयांत असतो, आवाजात असतो आणि साक्षीच्या कागदावर यातले काहीच उतरत नाही. अमेरिकेतील न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांचे मात्र उतरले.

१८९५ साली शिकागोत जन्म, तिथेच वकिली आणि १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी केलेली संघीय न्यायाधीशपदी नेमणूक. हा गृहस्थ उघड वर्णद्वेष्टा असेल असे कुणाला वाटेल. पण शिकागोजवळच्या साउथ हॉलंडमधील शाळांतला काळा-गोरा भेद मोडण्याचा आदेश १९६८ साली त्यांनीच दिला होता! कागदावर समता मान्य असलेला माणूस खुर्चीवर कसा वागतो, ते पुढच्याच वर्षी दिसले.

व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांवरून आठ जणांवर दंगलीच्या कटाचा खटला उभा राहिला. त्यात एकच काळा होता, ब्लॅक पँथर पक्षाचा संस्थापक बॉबी सील. त्याचे वकील चार्ल्स गॅरी शस्त्रक्रियेमुळे येऊ शकत नव्हते. सीलने तहकुबी मागितली, नाकारली. मग स्वतःच उलटतपासणी घेतो म्हणाला, तेही नाकारले. तो हक्क मागत उभा राहायचा आणि हॉफमन त्याला खाली बसवायचे. शेवटी २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांच्या हुकमाने सीलला खुर्चीला बांधून त्याच्या तोंडात बोळा कोंबला गेला. ५ नोव्हेंबरला त्याचा खटला वेगळा काढला आणि अवमानाबद्दल चार वर्षे ठोठावली. बाकीच्यांनाही सोडले नाही. वकील वाइनग्लास यांचे नाव हॉफमन सतत चुकीचे घेत. माजी अ‍ॅटर्नी जनरल रॅम्से क्लार्क यांना ज्यूरीपुढे साक्ष देऊ दिली नाही. ज्यूरी विचार करीत असतानाच उरलेले सात आरोपी आणि दोन्ही वकील यांना अवमानाच्या शिक्षा दिल्या.

१९७२ साली अपील कोर्टाने दंगलीच्या शिक्षा रद्द केल्या. ज्यूरी निवडताना पुरेशी विचारपूस झाली नाही हे एक कारण. बचाव पक्षाशी न्यायाधीशांची पहिल्यापासूनची तुच्छतेची वागणूक हे दुसरे. हे दिसले कशामुळे? लघुलेखकाने शब्द न् शब्द टिपला होता म्हणून. त्याच वर्षी मुंबईत आपल्या तरुणांनी सीलच्या संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली.

हॉफमन यांना १९८२ पासून नवे खटले देणे त्यांच्याच कोर्टाने बंद केले. त्यांच्या वागण्याबद्दल तक्रारी आल्या होत्या. १९८३ मध्ये ते वारले.

आपल्याकडे साक्षीत उत्तर येते, दटावणी येत नाही. म्हणून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ (१०) आले : कामकाजाचे चित्रीकरण झालेच पाहिजे. एका सत्र न्यायालयात आमच्या फिर्यादी बाईला तीनदा मोठ्याने बोल म्हणून दरडावले गेले, आरोपीच्या साक्षीदाराला पाणी विचारले गेले. कॅमेरा नव्हता. या कलमाखाली आम्ही अर्ज दिला. अर्जावर पुढची तारीख पडली.