घड्याळजीचा मुलगा : जेम्स पॅरिस ली

भातकुलीच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला बंदुकीपेक्षा कुऱ्हाड अधिक परिचयाची. वैशाखात दांडा वाळला की पाते डगमगते आणि घाव भलतीकडेच बसतो. मग वाढई पाचर ठोकून देतो. एवढे ठाऊक असूनही, विद्यार्थिदशेत एन.सी.सी.त थ्री-नॉट-थ्रीच्या माझ्या गोळ्या लक्ष्यावर विखुरल्या, तेव्हा दोष मी स्वतःच्या हाताला दिला. नेमबाजीच्या संघातून माझे नाव गेले. पुढे उस्तादांनी रायफल खोलून दाखविली. नळीखालचे लाकूड आटले होते आणि पुढचा स्क्रू सैल होता. त्या रायफलीच्या जनकाविषयीचे कुतूहल तेव्हापासूनचे.

जेम्स पॅरिस ली १८३१ मध्ये स्कॉटलंडमधील हॉविक येथे जन्मला. वडील घड्याळजी. तो लहान असतानाच कुटुंब कॅनडात गेले. बाराव्या वर्षी पोराने जुन्या पिस्तुलाला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता स्वतः कोरून बसविला. ती बंदूक काही धड चालली नाही, पण नाद मात्र लागला! वडिलांचाच धंदा शिकून तो पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाला. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ मध्ये, त्याच्या कंपनीला १००० कार्बाइनची मागणी मिळाली. पण नळीच्या मापावरून वाद झाला आणि माल नाकारला गेला. केसभर मापाने माणूस कसा बुडतो, हे घड्याळजीच्या मुलाला कोणी वेगळे सांगायला नको होते.

तो खचला नाही. १८७९ मध्ये बोल्टच्या खाली बसणाऱ्या पेटीवजा मॅगझिनचे पेटंट त्याने मिळविले. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड स्वीकारली, १८९५ मध्ये ली-एनफील्ड आली. १९०४ मध्ये कनेक्टिकटमध्ये तो वारला. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत याच घराण्याच्या रायफलींतून १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. हे पाहायला तो उरला नव्हता. त्याची थोरवी सांगताना माझी लेखणी येथे अडखळते, हे कबूल करतो.

नाव लीचे झाले, पण रायफलीचा नेम टिकविण्याचे काम लाकूड बसविणाऱ्या अनाम कारागिरांचे. ली-एनफील्डचा दस्ता अखंड नसतो. मागचा तुकडा वेगळा, नळीखालचा वेगळा. गोळी सुटताच धक्क्याने पोलादी सांगाडा मागे रेटला जातो आणि लाकडातल्या दोन खाचांवर टेकतो. त्या दोन्ही बाजूंनी सारख्या टेकल्या, तर सांगाडा दर वेळी त्याच जागी परततो आणि नळी दर वेळी सारखीच थरथरते. एक बाजू झिजली की प्रत्येक गोळीची वाट निराळी. कारागीर तेथे लाकडाचा नवा तुकडा डकवून, काजळी लावून, तो कोठे टेकतो ते पाहत कानशीने घासतो. हल्ली घट्ट होणाऱ्या रासायनिक राळेनेही फट भरतात. बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने तर लाकूड चिरू नये म्हणून त्यात आडवा स्क्रूच घातला. आमचा वाढई दांड्याला लोखंडी कडी घालतो, तसाच प्रकार.

उस्तादांनी खाचेत पातळ पट्टी बसवून स्क्रू आवळला. नंतरच्या पाच गोळ्या मी तळहाताएवढ्या जागेत मारल्या. संघ मात्र आदल्याच दिवशी रवाना झाला होता.